दारूला दिलेले औषध

रायफलच्या झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकून न देता तिच्यात नवी टोपी, म्हणजे आघाताने ठिणगी देणारी प्रायमरची वाटी, नवी दारू आणि नवी गोळी बसवून ती पुन्हा वापरण्याचा छंद अमेरिकेत शंभराहून अधिक वर्षे रुजलेला आहे, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्या छंदाचा जो घरोघर प्रसार झाला तो लष्कराच्या शिल्लक दारूमुळे झाला, हे या विषयावरच्या बहुतेक पुस्तकांत सांगितलेले असते. सहसा न सांगितली जाणारी गोष्ट अशी, की या शिल्लक दारूच्या कुळकथेत एक अगदी क्षुल्लक पदार्थ दोनदा हजेरी लावतो आणि दोन्ही वेळा परस्परविरुद्ध भूमिकांत लावतो. तो पदार्थ म्हणजे खडू, रसायनशास्त्राच्या भाषेत कॅल्शियम कार्बोनेट. पहिल्या खेपेला तो नासत चाललेल्या दारूचे औषध म्हणून येतो आणि दुसऱ्या खेपेला, सुमारे चाळीस वर्षांनी, एका नामांकित रायफलीचा रोग म्हणून. दारूला औषध द्यावे लागले हे वाक्य मराठी कानाला जरा गमतीचे वाटते, पण शब्दाच्या मुळाशी गेले तर ती निव्वळ द्विरुक्ती ठरते. म्हणून कथेची सुरुवात शब्दापासून करणे भाग आहे.

फारसी भाषेत ‘दारू’ म्हणजे औषध. मराठीत हा अर्थ ‘दवादारू’ या जोडशब्दात अजून शाबूत आहे, एरवी तो बंदुकीची दारू आणि पिण्याची दारू अशा दोन वाटांनी निघून गेला. एका वाटेवर दारूगोळा, दारूकाम आणि दारूखाना भेटतात, तर दुसरीवर काय भेटते ते सांगण्याची गरज नाही. स्फोटक भुकटीला औषध म्हणण्याची खोड मात्र फारसीची स्वतःची नव्हे. चिनी भाषेत बंदुकीच्या दारूचे नाव ‘हुओयाओ’ असे आहे आणि त्याचा शब्दशः अर्थ ‘अग्नि-औषध’ असा होतो. नाव पडण्याचे कारणही सरळ आहे: अमरत्वाचे रसायन शोधणाऱ्या ताओपंथी किमयागारांच्या हाती ही भुकटी नवव्या शतकाच्या आसपास लागली, आणि तिच्यातले सोरा व गंधक हे दोन्ही घटक चिनी औषधिकोशात आधीपासूनच होते. १०४४ सालच्या ‘वूजिंग झोंगयाओ’ या युद्धशास्त्रावरच्या ग्रंथात तिच्या सर्वांत जुन्या लिखित कृती आढळतात. पुढे अरबांनी सोऱ्याला ‘चीनचे बर्फ’ आणि इराण्यांनी ‘चिनी मीठ’ म्हटले, यावरून माल कोणत्या दिशेने आला हे त्यांना पक्के ठाऊक होते असे दिसते. आणि मालासोबत नावाचा अर्थही भाषांतरित होऊन आला असला पाहिजे.

या मताला दोन प्रतिस्पर्धी आहेत. पहिले मत संस्कृत ‘दारु’ म्हणजे लाकूड या शब्दाकडे बोट दाखवते, कारण देवदारु आणि दारुहळद हे शब्द मराठीत आहेतच आणि बंदुकीच्या दारूत लाकडी कोळसा असतो. पण शंभर भाग काळ्या दारूत कोळसा साधारण १५ भाग, गंधक १० आणि सोरा ७५ भाग असतो. मिश्रणाला नाव द्यायचे तर ते कोळशावरून का द्यावे याचे उत्तर हे मत देत नाही, आणि मद्याच्या अर्थाचे तर त्याला काहीच करता येत नाही. त्यात तथ्याचा अंश एवढाच, की फारसी ‘दारू’ हा शब्दही झाड किंवा लाकूड या अर्थाच्या जुन्या इराणी शब्दापासून, म्हणजे औषधी वनस्पती या अर्थाने, आलेला असावा. तसे असल्यास संस्कृत ‘दारु’ आणि फारसी ‘दारू’ हे चुलत भाऊ ठरतात, पण मराठीच्या घरी आला तो फारसी भाऊच. दुसरे मत असे, की आधी मद्याला दारू म्हणू लागले आणि मग घसा जाळणाऱ्या पेयावरून आग ओकणाऱ्या भुकटीला तेच नाव पडले. हे मत वरवर पटण्यासारखे आहे, मात्र ते मराठीची दक्षिणेकडची सीमा ओलांडताच लटके पडते. कन्नडमध्ये ‘मद्दु’ म्हणजे औषध आणि ‘मद्दुगुंडु’ म्हणजे दारूगोळा, तमिळमध्ये ‘मरुंदु’ म्हणजे औषध आणि ‘वेडिमरुंदु’ म्हणजे स्फोटक दारू, मल्याळममध्ये ‘वेडिमरुन्नु’, तेलुगूत तर ‘मंदु’ हा एकच शब्द औषध, मद्य आणि बंदुकीची दारू अशी तिन्ही कामे मराठी दारूइतक्याच निर्विकारपणे करतो. हे शब्द फारसीतून उचललेले नाहीत, ते त्या भाषांचे घरचे शब्द आहेत. म्हणजे उसना घेतला गेला तो शब्द नसून कल्पना होती. तमिळ आणि कन्नडमध्ये मद्याचा आधार नसतानाही औषधावरून दारूचे नाव पडले, एवढ्याने मद्यापासूनची वाट बंद होते. सिंहली ‘वेडि बेहेत’, मलय ‘ऊबात बेदिल’ आणि व्हिएतनामी ‘थुओक सुंग’ हे तिन्ही शब्दप्रयोग बंदुकीचे औषध असाच अर्थ सांगतात.

खरी अडचण युरोपात येते. इंग्रजी पावडर, फ्रेंच पूद्र आणि पोर्तुगीज पोल्व्होरा या सगळ्यांचा अर्थ नुसती धूळ किंवा पूड असा आहे. त्यांना औषधाचे काही देणेघेणे नाही. पण डच ‘क्राउट’, डॅनिश ‘क्रुट’ आणि जुन्या जर्मनमधला ‘क्राउट’ हे बंदुकीच्या दारूचे शब्द मूळचे जडीबुटीचे आहेत, ज्या शब्दाने कोबीची आंबवलेली भाजीही ओळखली जाते तोच हा शब्द. युरोपीय पंडितांचा कल असा, की सोरा आणि गंधक औषधविक्याच्या दुकानात मिळत असल्याने हे नाव तिथल्या तिथेच पडले, पूर्वेशी त्याचा संबंध जोडण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात गंधक आजही काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो हे पाहता या मताला वजन द्यावे लागते. तरीही चीनपासून डेन्मार्कपर्यंत इतक्या भाषांना स्वतंत्रपणे एकच विनोद सुचावा हे अवघड वाटते, आणि मधल्या साखळीतली एखादी कडी हरवली आहे असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. एक छोटा पुरावा कोकणाने राखून ठेवला आहे. मराठीने पोर्तुगिजांकडून ‘कार्तुशू’ घेऊन त्याचे काडतूस केले, ‘पिस्तोला’ घेऊन पिस्तूल केले, पण ‘पोल्व्होरा’ मात्र घेतला नाही. याचा सरळ अर्थ असा, की कागदाच्या सुरळीत बांधलेली मात्रा ही नवी वस्तू होती, पण आतल्या भुकटीचे नाव तोवर घरात नांदत होते.

औषधाप्रमाणेच दारूही जपून ठेवावी लागते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातल्या राजनीतिपर ग्रंथात, दारूखाना घराजवळ आणि घराच्या वाऱ्याखाली नसावा, आणि आठा-पंधरा दिवसांनी हवालदाराने दारू बाहेर काढून तिला ऊन द्यावे अशी बारीक ताकीद आहे. काळ्या दारूला एवढा उपचार पुरे होता, कारण तिचा मोठा शत्रू म्हणजे ओल. ती कोरडी ठेवली तर पिढ्यान्‌पिढ्या टिकते. १८४६ मध्ये शनबाइन या रसायनज्ञाने कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाचा संस्कार करून स्फोटक कापूस बनवला आणि १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय याने त्याला काबूत आणून रायफलीत वापरण्याजोगी धूरविरहित दारू तयार केली, तेव्हापासून मात्र दुखणे बदलले. या नव्या दारूचा, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा, शत्रू तिच्या पोटातच असतो. ती सावकाश विघटित होत नायट्रोजनची ऑक्साइडे सोडते, त्यांचे ओलाव्याशी मिळून आम्ल बनते, ते आम्ल विघटनाला आणखी वेग देते आणि उष्णता साठत गेली तर कोठार आपोआप पेट घेते. तूलाँच्या बंदरात १९०७ मध्ये ‘येना’ आणि १९११ मध्ये ‘लिबेर्ते’ या दोन फ्रेंच युद्धनौका शत्रूची एकही गोळी न लागता अशाच दारूने उद्ध्वस्त झाल्या. डायफिनिलअमाइन नावाचे द्रव्य अल्प प्रमाणात मिसळले की ते ही ऑक्साइडे शोषून घेते, हा उपाय त्यानंतर सर्वत्र रूढ झाला. पण शोषण्याची त्याची क्षमता कधी ना कधी संपतेच, आणि घाईत, अपुऱ्या धुलाईने बनवलेल्या दारूत ती लवकर संपते.

पहिले महायुद्ध अमेरिकेच्या अपेक्षेपेक्षा आधी संपले आणि तोफांसाठी घाईत बनवलेल्या अशा दारूचे डोंगर तिच्या गळ्यात पडले. काही दारू नष्ट करण्यात आली. काही भाग ‘पायरोटॉल’ नावाच्या सुरुंगी मिश्रणात घालून १९२४ ते १९२८ या काळात शेतकऱ्यांना झाडांचे बुंधे उडवण्यासाठी स्वस्तात पुरवला गेला, ज्याला शिल्लक दारूचा पहिला मोठा नागरी वापर म्हणता येईल. थोडीफार रायफलची दारू नेमबाजांच्या संघटनेमार्फत हौशी लोकांपर्यंतही पोचली. उरलेल्या साठ्यांचे काय करायचे हा प्रश्न किती निकडीचा होता हे १० जुलै १९२६ रोजी दिसले, जेव्हा न्यू जर्सीतल्या लेक डेन्मार्क इथल्या आरमारी कोठारावर वीज कोसळून झालेल्या स्फोटमालिकेत माणसे दगावली आणि शेजारच्या पिकॅटिनी शस्त्रागाराचीही मोठी हानी झाली. (तळ्याच्या नावातला डेन्मार्क आणि डॅनिश जडीबुटीची दारू यांचा काही संबंध नाही, योगायोगाला योगायोगच म्हणावे.)

याच पिकॅटिनीत फ्रेड ओल्सन हा रसायनज्ञ महायुद्धातली तोफेची निकामी दारू वाचवता येते का हे पाहत होता. तोफेच्या दारूचे दाणे जाड असतात, ते आहेत त्या रूपात रायफलीत चालत नाहीत. ते दळावेत तर पेटण्याचे भय, आणि न दळता आतले आम्ल धुऊन काढावे तर पाणी गाभ्यापर्यंत पोचत नाही. ओल्सनने निवडलेला मार्ग स्वयंपाकघरातल्या कोणालाही समजेल असा होता: दाणा फोडू नये, विरघळवावा. इथाइल ॲसिटेट या द्रावकात जुनी दारू विरघळून तिचा घट्ट पाक होतो. तो पाण्यात ढवळला की पाण्यात तेलाचे थेंब व्हावेत तसे त्याचे बारीक गोल थेंब होतात, आणि द्रावक हळूहळू उडवून लावला की मागे गोल, टणक दाणे उरतात. सगळा व्यवहार पाण्याखाली होत असल्याने आगीची धास्ती कमी, आणि दारू विरघळलेली असताना तिच्यात अडकलेले आम्ल मोकळे होते, त्यामुळे ते मारण्याची हीच खरी वेळ. आम्ल मारायला खडूइतका स्वस्त आणि निरुपद्रवी पदार्थ दुसरा नाही. आम्लपित्ताच्या गोळीत तो ज्या कामासाठी घालतात त्याच कामासाठी तो इथे घातला गेला. ओल्सन १९२९ मध्ये इलिनॉय राज्यातल्या ईस्ट आल्टनच्या वेस्टर्न कार्ट्रिज कंपनीत गेला, १९३३ पर्यंत त्याची पद्धत कारखान्यात उतरली, आणि ‘बॉल पावडर’ म्हणजे गोलदाणी दारू जन्माला आली. शिल्लक माल वाचवण्याच्या खटपटीतून निघालेली ही पद्धत ताज्या नायट्रोसेल्युलोजलाही तितकीच लागू पडली, ती जुन्या पद्धतीहून झटपट आणि स्वस्तही होती. आणि उपचारासाठी आलेला खडू रोगी बदलला तरी कृतीत राहून गेला. कृतीतले पदार्थ त्यांचे कारण संपल्यावरही टिकून राहतात हे स्वयंपाकाच्या इतिहासात वारंवार दिसते, आणि खडूचे तसेच झाले असा तर्क इथे करायला हरकत नाही. ताज्या मालातही थोडे आम्ल उरतेच, तेव्हा तो अगदीच रिकामा बसला होता असे मात्र नव्हे.

ओल्सनविषयी एक गोष्ट विषयाला सोडून असली तरी सांगण्यासारखी आहे. हाच गृहस्थ पुढे आधुनिक चित्रांचा संग्राहक झाला. जॅक्सन पोलॉकचे ‘ब्लू पोल्स’ हे प्रचंड चित्र काही काळ त्याच्या मालकीचे होते, आणि पाक, थेंब व त्यांचे गोठणे यांत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला रंग ठिबकवून काढलेले चित्र आवडावे यात नवल नाही. ते चित्र १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनासाठी विकत घेतले गेले. शिल्लक दारूची कथाही पुढे ऑस्ट्रेलियातच पोचते, पण त्याआधी दुसरे महायुद्ध आणि कॅन्सस लागते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या रायफलींच्या नेहमीच्या काडतुसांत मुख्यतः ड्यूपॉन्ट कंपनीची ‘आयएमआर ४८९५’ ही कांडीच्या आकाराची दारू भरली जाई. आयएमआर म्हणजे ‘सुधारित लष्करी रायफल’ या अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे. विमानविरोधी २० मिलिमीटर तोफांसाठी तिची सावकाश जळणारी बहीण ‘४८३१’ होती, आणि छोट्या एम-१ कार्बाइनच्या काडतुसांत व ब्रिटनसाठी बनवलेल्या काही .३०३ काडतुसांत वेस्टर्नची गोलदाणी दारू होती. दारूच्या दाण्यांच्या तीन तऱ्हा जवळून पाहिल्या तर पुढचा सगळा इतिहास समजतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनलेले .३०३ चे जुने काडतूस उघडले तर आतून कॉर्डाइट या धूरविरहित दारूच्या लांब दोऱ्या निघत, शिजवण्याआधीच्या शेवयांसारख्या; त्या मोजून भरणे घरच्या माणसाला जवळजवळ अशक्य. ड्यूपॉन्टची दारू म्हणजे त्याच शेवया बारीक चिरलेल्या, पेन्सिलीच्या शिशाच्या कपच्यांसारख्या. दारू मापण्याच्या यंत्राची मूठ फिरवताना एखादी कांडी आडवी येते, ती कापली जाताना हाताला कुरकुर लागते आणि माप थोडे चुकते. गोलदाणी दारू मात्र ग्रॅफाइटने काळी केलेल्या खसखशीसारखी असते आणि चिमटीतून रांगोळी सुटावी तशी सुटते. प्रत्येक माप मागच्यासारखेच.

कॅन्सस सिटीजवळ राहणारा ब्रूस हॉजडन हा गॅस कंपनीचा विक्रेता युद्धकाळात आरमारात होता. पहिल्या युद्धानंतर दारूचे काय झाले हे त्याच्या कानावर आलेले असल्याने या खेपेलाही तोच प्रकार होणार हे त्याने ताडले, आणि युद्ध संपल्यावर आयुर्विम्याच्या पॉलिसीवर पैसे उचलून सरकारकडून ४८९५ दारूचा ५०,००० पौंडांचा, म्हणजे जवळपास २२,७०० किलोंचा साठा विकत घेतला. भाड्याच्या कुरणात आणून ठेवलेली मालगाडीची जुनी वाघीण हे त्याचे पहिले कोठार. (वॅगनला वाघीण करणाऱ्या मराठीने या प्रसंगाला आपसूकच जे शौर्य बहाल केले आहे ते मूळ इंग्रजीत नाही.) एका नेमबाजीच्या मासिकात इंचभर जाहिरात दिली गेली, १५० पौंडांच्या पिंपाला ३० डॉलर अधिक वाहतूक, म्हणजे पौंडाला २० सेंट. पत्नी हिशेब ठेवी, मुले डबे पोचवीत. १९५२ मध्ये त्याने गॅस कंपनीची नोकरी सोडली. ज्या छंदात दारूचा खर्च हा मोठा अडसर होता त्यात आता दारू जवळजवळ मातीमोल झाली, आणि ज्यांनी कधी पुंगळी भरली नव्हती असे हजारो लोक, त्यांत युद्धावरून परतलेले पुष्कळ, या कामाला लागले.

हॉजडनच्या मालांपैकी सर्वांत जास्त वाद ‘एच ४८३१’ या नावाभोवती आहे. एच म्हणजे हॉजडन आणि आकडा ड्यूपॉन्टचा लष्करी, इतके उघड आहे. आकड्याचा जळण्याच्या वेगाशी संबंध लावू नये: ४१९८ क्रमांकाची दारू ३०३१ पेक्षा चपळ आहे आणि ४२२७ तिच्याहूनही चपळ. विमानविरोधी तोफेसाठी बनलेली ही मंद दारू रायफलीत कोण वापरणार असे सुरुवातीला वाटले असणार, परंतु मोठ्या पोटाच्या पुंगळ्यांना ती नेमकी मानवली, आणि ‘आउटडोअर लाइफ’ मासिकाच्या जॅक ओ’कॉनरने .२७० विंचेस्टरसाठी तिची तरफदारी केल्यावर शिल्लक माल हाच उत्तम माल ठरला. पुढे साठा संपत आला, हॉजडनने तिच्याबरहुकूम नवी दारू स्कॉटलंडमध्ये बनवून घेतली, आणि १९७३ मध्ये मूळ मालक ड्यूपॉन्टनेही स्वतःची ‘आयएमआर ४८३१’ बाजारात आणली. घोटाळा इथे झाला. नाव तेच, आकडा तोच, पण ड्यूपॉन्टची नवी दारू हॉजडनच्या दारूपेक्षा अधिक वेगाने जळणारी निघाली, आणि एकीचे कोष्टक पाहून दुसरी भरणे धोक्याचे ठरले.

असे का झाले याची तीन स्पष्टीकरणे दिली जातात. पहिले असे, की शिल्लक दारू गोदामात पडून म्हातारी झाली आणि मंदावली. हे ऐकायला बरे वाटते, पण दिशा उलटी आहे: साठवणीत दारूतला ओलावा आणि उरलेला द्रावक उडून जातो, आणि कोरडी दारू मंद होत नाही, चपळ होते. दुसरे असे, की ड्यूपॉन्टने मुद्दाम कृती बदलली. ते अशक्य नाही, पण स्वतःच्या जुन्या आकड्याचा लौकिक वापरायचा आणि माल वेगळा द्यायचा यात व्यापारी शहाणपण दिसत नाही. तिसरे आणि सर्वांत पटणारे स्पष्टीकरण लष्कराच्या खरेदीपद्धतीत आहे. लष्कराला दारूचा वेग ठरावीक नको असतो, गोळीचा वेग ठरावीक हवा असतो; कारखान्यात दर घाणीची, म्हणजे एका वेळी बनलेल्या मालाची, चाचणी घेऊन त्या घाणीपुरते वजन कमीजास्त केले की काम भागते. घरी पुंगळ्या भरणाऱ्याजवळ चाचणीचे यंत्र नसते, छापील कोष्टक असते, म्हणून त्याच्यासाठीच्या डब्यातली दारू वेगवेगळ्या घाणी मिसळून एकाच वेगावर आणलेली असावी लागते. तेव्हा ‘४८३१’ हे लष्कराच्या दृष्टीने एका दारूचे नाव नव्हतेच, ते एका पट्ट्याचे नाव होते. हॉजडनच्या हाती त्या पट्ट्याचे मंद टोक लागले आणि ड्यूपॉन्टने पुन्हा उत्पादन सुरू करताना चपळ बाजू धरली. शिल्लक दारू वापरणारे जाणते लोक आजही अनोळखी घाणीशी परक्या माणसासारखे, अंतर राखून वागतात, त्याचे कारण हेच. वादाचा शेवट मात्र विनोदी आहे: एच ४८३१ चे उत्पादन कालांतराने ऑस्ट्रेलियात गेले, २००३ मध्ये हॉजडन कंपनीने आयएमआर हे नावच विकत घेतले, आणि न जुळणाऱ्या दोन्ही ४८३१ एकाच छपराखाली आल्या.

बाकीच्या नावांना इतका वेळ देण्याचे कारण नाही. ‘एच ३८०’ मधला आकडा हॉजडनच्या आवडत्या काडतुसातल्या ३८ ग्रेन वजनावरून आला. ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम. ‘बीएल-सी’चा अर्थ बॉल दारूची सी घाणी असा लावला जातो, आणि तो माल युद्धातल्या .३०३ काडतुसांतून काढलेला होता. म्हणजे एका युद्धाची शिल्लक दारू वाचवण्यासाठी जी पद्धत शोधली गेली तिच्यातून निघालेली दारू दुसऱ्या युद्धाची शिल्लक म्हणून पुन्हा बाजारात आली, आणि तिच्या दाण्यादाण्यात ओल्सनचा खडू होता.

खडूची दुसरी हजेरी व्हिएतनाममध्ये लागली. एआर-१५, म्हणजे पुढची एम-१६, ही रायफल ड्यूपॉन्टच्या ‘आयएमआर ४४७५’ या कांडीदार दारूवर विकसित झाली होती. गोळीचा वेग आणि नळीतला दाब यांची लष्कराने घातलेली सांगड त्या दारूला जमेना, म्हणून १९६४ मध्ये ‘डब्ल्यूसी ८४६’ या गोलदाणी दारूला मान्यता मिळाली. तीच दारू ७.६२ मिलिमीटरच्या एम-१४ मध्ये विनातक्रार चालत होती. पण एम-१४ मध्ये वायूचा दाब दट्ट्याला ढकलतो, तर एम-१६ मध्ये दट्ट्या नाही. एका बारीक नळीतून वायू थेट मागच्या यंत्रणेत जातो. दट्ट्याच्या भांड्यात जी पुटे खपून जात ती या नळीत अडकू लागली. रायफली ऐन चकमकीत अडकून पडल्या, सैनिक मेले, आणि ऑक्टोबर १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या आयकॉर्ड उपसमितीने दारू बदलण्याच्या निर्णयावर कडक ठपका ठेवला.

खडूलाच एकट्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे न्यायाचे होणार नाही. नव्या दारूने रायफलीचा गोळीबाराचा वेग वाढवून ठेवला होता आणि त्यामुळे भाग तुटत व पुंगळ्या चिकटत. काडतुसाच्या खोबणीला क्रोमचा लेप नव्हता, दमट हवेत ती गंजे. आणि ही रायफल साफच करावी लागत नाही अशा समजुतीने सफाईचे साहित्यही पुरेसे दिले गेले नव्हते. अनेक अभ्यासक या तिन्ही कारणांना खडूच्या आधी ठेवतात आणि पहिल्या दोन वर्षांतल्या दुर्घटनांपुरते ते बरोबरच आहे. तथापि लेप दिला गेला, सफाईचे साहित्य आले, यंत्रणेचा वेग आवरला गेला, तरी वायुनळीतले पांढरट पूट उरलेच, आणि ते कॅल्शियम कार्बोनेटपासून येते हे निष्पन्न झाल्यावर १९७० च्या सुमारास त्याची कमाल मर्यादा एक टक्क्यावरून पाव टक्क्यावर आणण्यात आली. इतर कारणे रायफलीची होती आणि रायफल बदलून गेली. हे एकच कारण दारूच्या वंशावळीत होते आणि ते दारू बदलूनच गेले.

कमी खडूच्या आणि ५.५६ मिलिमीटरच्या काडतुसासाठी निवडलेल्या घाणींना ‘डब्ल्यूसी ८४४’ असे वेगळे नाव मिळाले. त्यांतलाही माल यथावकाश शिल्लक पडला, लष्कराने मोडीत काढलेल्या काडतुसांतून गोळ्या उपसून काढला गेला आणि आठ-आठ पौंडांच्या बुधल्यांतून पुंगळ्या भरणाऱ्यांकडे पोचला. हॉजडनची ‘एच ३३५’ ही तिचीच नागरी आवृत्ती मानली जाते. अशी बुधली हाती आली की जुना जाणकार आधी झाकण उघडून वास घेतो. ईथरसारखा, किंचित गोडसर वास आला तर दारू ठीक आहे. वास झोंबरा आंबट असेल, दाण्यांवर विटकरी धूळ दिसत असेल किंवा झाकण आतून गंजलेले असेल तर औषध संपलेले आहे असे समजून ती बुधली तो कोठीत नेत नाही, घरापासून दूर, मोकळ्यावरच ठेवतो.